आधी वजन विचारा!

मंडळी, आमच्या जालन्यात मोसंबीचा सौदा करणारा माणूस वजन कळावं म्हणून अख्खा ट्रक घरी रिकामा करत नाही. काट्याची पावती बघतो. वेबसाइट बनवणारे मात्र नेमकं उलटं करतात! दुसऱ्याच्या सर्व्हरवरच्या फोटोचा दुवा द्यायचा असतो, त्याआधी फाइल केवढी हे हवं असतं. त्यासाठी अख्खा फोटो उतरवतात, बाइट मोजतात आणि फेकून देतात. चार एमबी ओढून मिळतो काय, तर सात आकडे!

"चालतंय की, सर्व्हर फास्ट आहे" हे मला मान्य नाही. 'हेड' विनंतीची सोय एचटीटीपीच्या १९९६ च्या १.० आवृत्तीतही होती. ती फोटो मागतच नाही. उत्तरातल्या 'कंटेंट-लेंग्थ'मध्ये बाइट लिहून येतात. पीएचपीत कर्लला 'नोबॉडी' पर्याय दिला की काम झालं. 'फाइलसाइझ' एचटीटीपीच्या पत्त्यावर चालत नाही आणि 'गेटइमेजसाइझ' लांबी-रुंदी सांगतं, वजन नाही.

कुणी म्हणेल, काही सर्व्हर हा आकडा देतच नाहीत. खरंय. मग उतरवा, पण मर्यादा घालून. ती ओलांडली की थांबा. चार सर्व्हर अडतात म्हणून सगळ्यांचाच ट्रक रिकामा करायचा का?

आणि आकडा कळला की दुव्याशेजारी लिहा. परतूरच्या मावशीचा दिवसाचा डेटा तिचा आहे. तो कशावर खर्चायचा हे तिनं ठरवावं, आपण नाही.