जाहीर प्रगटनाने कोणी बेदखल होत नाही



नांदेड-लातूरकडच्या दैनिकांत निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या शेजारी एक चौकट अधूनमधून दिसते. वर ‘जाहीर प्रगटन’, खाली वकिलाचे नाव. मधला मजकूर जवळपास पाठ झालेला: मुलगी ऐकण्यात नाही, घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केले, सबब तिला चल-अचल मालमत्तेतून बेदखल केले आहे, यापुढे तिच्याशी कसलाही संबंध नाही.

संबंध तुटत असेल. हक्क तुटत नाही.

बेदखल हा मुळात महसुली शब्द. निजामी अमलातल्या उर्दू दफ्तराने तो मराठवाड्यात रुळवला; कब्ज्यातून काढलेल्या कुळाला तो लागायचा. 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने तर कुळालाही मनमानीने हुसकावण्याची सोय ठेवली नाही. पोटच्या लेकराला काढायला मात्र जाहिरातीची पावती पुरते, असा समज आजही आहे.

हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीतला वाटा जन्माने मिळतो. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने तो मुलीलाही मिळाला आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. बाप वारल्यावर तलाठ्याकडच्या वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-कमध्ये, त्या ‘बेदखल’ लेकीचेही नाव लागते. कात्रण दाखवून ते वगळता येत नाही. स्वकष्टाच्या मिळकतीपुरती बापाला मोकळीक आहे, पण त्यासाठी मृत्युपत्र करावे लागते.

मुलगा खरोखर छळत असेल तर? त्यासाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेले बक्षीसपत्र, अट मोडल्यास, रद्दही होते.

मग प्रगटनाने साधते काय? पळून लग्न केलेल्या जोडप्याची चारचौघांत नालस्ती. जातपंचायतीने कुटुंब वाळीत टाकले तर महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरातून वाळीत टाकल्याची दवंडी मात्र वर्तमानपत्र दरपत्रकाप्रमाणे पैसे घेऊन पिटते.

दैनिकांनी दोन गोष्टी कराव्यात. अशा जाहिरातीत सज्ञान मुलामुलींचे फोटो आणि सासरचा पत्ता छापू नये. आणि चौकटीखाली ठळक ओळ टाकावी: ‘या प्रगटनामुळे वारसाहक्क संपुष्टात येत नाही.’

– एक वाचक, लातूर