किडा कुणी आणला?

"कोडमध्ये बग होता, डीबग केला." पीएचडी करताना एकदा मी हे वाक्य लॅबमध्ये ऐटीत ऐकवलं. खरं काय झालं होतं? मी त्रिज्येच्या जागी व्यास घातला होता आणि माझ्या आकड्यांवर विसंबलेल्या सहकाऱ्याचे तीन आठवडे पाण्यात गेले होते. पण माफी मागायची वेळच आली नाही. किडा होता, झटकला, झालं!

'डीबग' या शब्दावर माझा राग आहे तो यासाठी.

आता कुणीतरी ती पतंगाची गोष्ट सांगेलच. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या रिलेत पतंग सापडला, तो नोंदवहीत चिकटवला आणि शब्द जन्मला! पतंग खरा आहे, पण शब्द त्याहून जुना. एडिसनने 1878 मध्येच एका पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना 'बग' म्हटलं होतं. वहीतली नोंदही 'खराखुरा किडा सापडल्याची पहिलीच वेळ' अशा अर्थाची आहे. शब्द आधीच रुळलेला नसता तर या विनोदाला कोण हसलं असतं?

तो पतंग बाहेरून आला होता. आमच्या चुका बाहेरून येत नाहीत, आम्हीच त्या टंकतो. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी 1988 मध्ये हेच बजावलं होतं, बग म्हणू नका, चूक म्हणा. ऐकतो कोण?

नुसता शब्दच्छल वाटतोय? मग इथलं, ब्रिटनमधलं उदाहरण घ्या. पोस्ट ऑफिसच्या 'होरायझन' या संगणकप्रणालीने हिशेबात खोटी तूट दाखवली आणि 1999 ते 2015 या काळात 900हून अधिक पोस्टचालक चोरी-अफरातफरीचे दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. 2013 साली मुख्याधिकारी पॉला व्हेनेल्स यांना तर 'बग'सुद्धा बोचला. त्यांनी नवऱ्याकडे सौम्य शब्द मागितला, त्याने 'अपवाद' किंवा 'विसंगती' सुचवलं. शिक्षा रद्द करायला 2024 मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. आधी चूक, मग किडा, मग विसंगती. प्रत्येक पायरीवर माणूस थोडा आणखी गायब!

हिंजवडीतही आता सगळे डीबगच करतात. 'चूक झाली' यातही पळवाट आहे म्हणा, पण त्यावर निदान 'कुणाची?' असं विचारता तरी येतं. किड्याला ते कुणी विचारत नाही.

असो. चूभूद्याघ्या. वर काही चुकलं असेल तर ते मीच चुकलोय, किडा नाही.