मैदान कुणाच्या बापाचं?



या अंकात पुण्याच्या लेगस्पिनर शुभांगी कुलकर्णी यांच्यावर लिहायचं ठरलं, तेव्हा आमच्यातलाच एक जण फटकन बोलला, "कुलकर्ण्यांना आपल्या पानात जागा कशाला? त्यांना जागेची टंचाई आहे काय?" प्रश्न वाजवी आहे. उत्तर देतो. पण आधी हिशेब बघा.

३१ ऑक्टोबर १९७६. बंगळूर. भारतीय बायकांची पहिली कसोटी, समोर वेस्ट इंडीज. सतरा वर्षांच्या या पोरीनं पहिल्याच डावात पाच विकेटा काढल्या. त्या मोसमात एकूण आठ कसोट्या झाल्या, शेवटची जानेवारी १९७७ मध्ये पर्थला. आणि पुढची? १९८४ मध्ये! मधे दोन विश्वचषकांचे मोजके एकदिवसीय सामने झाले, पण कसोटी एकही नाही. त्याच सात वर्षांत पुरुषांचा संघ साठाहून जास्त कसोट्या खेळला.

लेगस्पिन हे मनगटाचं काम. दिवसभर टप्पा धरून टाकत राहिलं, मार खाल्ला, परत टाकलं, तेव्हा कुठं हात बसतो. त्यासाठी लांब सामना लागतो. सतराव्या वर्षी पाच विकेटा घेणारीला चोविसाव्या वर्षापर्यंत तो मिळालाच नाही. पुढं १९८५ ला अर्जुन पुरस्कार मिळाला, कप्तानीही केली. पण १९८६ नंतर पुन्हा खंड, थेट १९९१ पर्यंत. पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत कसोट्या १९, विकेटा ६०. विकेटा कमी नाहीत, कसोट्या कमी आहेत. त्या कुणी खाल्ल्या?

बायकांची क्रिकेट संघटना १९७३ ला उभी राहिली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा याच पुण्यात झाली, अवघ्या तीन संघांची. पैसा नाही, सरकारदरबारी वजन नाही. खेळाडू आपलं सामान आपण उचलून दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून हिंडायच्या. श्रीमंत क्रिकेट मंडळानं या बायकांना आपल्या घरात घेतलं २००६ साली. म्हणजे ३३ वर्षांनी! त्या वेळी बायकांच्या संघटनेच्या सचिव शुभांगीताईच होत्या. जे आपल्याला मिळालं नाही ते पुढच्या पोरींना मिळावं म्हणून त्या कागद हाताळत होत्या. पुरुषांइतकी मॅच फी जाहीर व्हायला २०२२ उजाडलं.

आता याच पुण्यातला दुसरा फिरकी गोलंदाज आठवा. बाळू पालवणकर. चांभाराचा पोर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा आणि नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचा. बॅट मात्र त्याच्या हातात द्यायची नाही. हिंदूंच्या संघात घेतलं ते विकेटा हव्या होत्या म्हणून. चहा बाहेर, मातीच्या कुल्हडात. १९११ ला इंग्लंडमध्ये शंभराहून जास्त विकेटा घेऊनही कप्तानी शेवटपर्यंत दिली नाही.

तर हे उत्तर. बाळूला जातीनं अडवलं, शुभांगीताईंना बाईपणानं. ज्या आडनावाला पुण्यात बाकीची दारं उघडतात, त्या आडनावालाही बाई म्हटल्यावर सात वर्षं मैदान मिळालं नाही. मग आपल्या पोरीचं काय? तिच्यापुढं तर दोन्ही दारं बंद.

मी खराडीत राहतो. नगर रस्त्याकडेचं हे गाव आता काचेच्या इमारतींचं झालंय. ईऑनचे मजले मोजता मोजता मान दुखते. वस्तीतल्या बाया पहाटे सोसायट्यांत धुण्याभांड्याला जातात. तिथं क्रिकेटची जाळी आहे, पण ती सभासदांच्या मुलांना. उरल्यासुरल्या मोकळ्या जागेवर रविवारी पोरं खेळतात. पोरी कुठं असतात? लांब गेलेला चेंडू आणून द्यायला कडेला. आणि ही पोरं कोण? आपलीच. हा अंक वाचणारी, समतेच्या घोषणा देणारी.

कुणी म्हणेल, राधा यादव बघा की! बघितली. कांदिवलीच्या सव्वादोनशे फुटांच्या घरातली पोर, वडील दूध-भाजी विकणारे. २०१८ ला भारताकडून खेळली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतानं विश्वचषक जिंकला त्या अंतिम संघात ती होती. तिला सलाम! पण इमारतीच्या आवारात पोरांबरोबर खेळताना ती एका प्रशिक्षकाच्या नजरेला पडली, म्हणून पुढं गेली. तो त्या दिवशी तिकडं फिरकला नसता तर? एकीच्या नशिबाला व्यवस्था म्हणत नाहीत, दोस्तहो. विश्वचषकाच्या मिरवणुकीत नाचलात, चांगलं केलंत. आता तिच्यासारख्या ज्या कुणाच्या नजरेला पडल्याच नाहीत, त्यांची मोजदाद करा.

महापालिकेकडं आमची मागणी साधी आहे. खराडीत वस्तीच्या पोरींना फुकट खेळता येईल असं मैदान द्या. त्यावर पोरींचे तास पाटीवर लिहून ठेवा. संडास बांधा, दिवे लावा, शिकवायला बाई नेमा. हे उपकार म्हणून नको. या शहराचा कचरा आमच्या आया उचलतात.

आणि तुम्हा पोरांना एक सांगणं. महापालिकेची वाट बघू नका. येत्या रविवारी कडेला उभ्या असलेल्या बहिणीला आत बोलवा. पहिली ओव्हर तिला टाकू द्या. वाइड गेले तर जाऊ द्या. पुढच्या रविवारी परत तिलाच द्या.