हिरवी बँक आणि न विचारलेला प्रश्न

ई-स्टेटमेंट घ्या, झाडं वाचवा, असा मेसेज बँक पाठवते. वाचवा की. छपाई-टपालाचा खर्च बँकेचा वाचतो आणि पुण्य माझ्या खात्यात जमा होतं, एवढंच. पण बँकेमुळे पर्यावरणाचं काय होतं हे तिच्या कागदावरून नाही, तिच्या कर्जांवरून ठरतं.

मी इंजिनिअर आहे, बँकांच्या कर्जप्रक्रियेचं सॉफ्टवेअर लिहितो. पीककर्जाचा हिशोब साधा आहे: पीक, क्षेत्र आणि जिल्हास्तरीय तांत्रिक समितीने ठरवलेला हेक्टरी दर. गुणाकार केला की कर्जमर्यादा तयार. उसाचा दर ज्वारी-हरभऱ्याच्या कितीतरी वर. खर्चच जास्त, त्यामुळे ते समजू शकतो. शिवाय ऊस बँकेच्या लाडाचा, कारण कारखाना बिलातूनच कर्ज कापून परस्पर बँकेत भरतो. विहीर आहे का, हे अर्जात विचारतात. मार्चनंतर तिला पाणी असतं का आणि उपशाने शेजारची विहीर आटते का, यासाठी मी पाहिलेल्या एकाही अर्जात रकाना नाही.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याचं खापर एकट्या बँकांवर फोडता येणार नाही. कारखान्यांना परवाने बँका देत नाहीत. पण ऊस वाढायला भांडवल लागतं, आणि ते कोण देतं?

रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये हरित ठेवींची चौकट आणली. त्या ठेवींचा पैसा जीवाश्म इंधनाला देता येत नाही. छान. पण अशा ठेवी घेणं ऐच्छिक, आणि बंधन तेवढ्याच ठेवींपुरतं. बाकीचा पैसा कोळशाकडे जायला मोकळा. एका खिशात तुळशीची पानं, दुसऱ्यात विडीचं बंडल.

अटी वाढवल्या तर शेतकरी सावकाराच्या दारात जाईल, असं बँकवाले म्हणतात. छोट्या शेतकऱ्याबाबत ते खरंच आहे. मग सुरुवात कारखान्याच्या विस्तारकर्जापासून करा. ब्राझीलने २००८ मध्ये अ‍ॅमेझॉन भागातल्या शेतीकर्जासाठी पर्यावरणाचे नियम पाळल्याचा पुरावा सक्तीचा केला, आणि लहान शेतकऱ्यांसाठी अटी सैल ठेवल्या.

आपल्याकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणा पाणलोटांची 'सुरक्षित' ते 'अतिशोषित' अशी वर्गवारी करतेच. अर्जात गाव आणि गट नंबर असतोच. दोन्ही जोडणं हे काही रॉकेट सोडणं नव्हे. आमच्या टीमकडे आजवर एकाही बँकेने ते मागितलेलं नाही.