विद्यावेतनाचं वर्ष

लातूरहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. लेक पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलची पदविका घेऊन बाहेर पडली. कॉलेजातच मुलाखती झाल्या आणि नांदेडच्या एका कारखान्यात वर्षभराच्या शिकाऊ उमेदवारीसाठी तिची निवड झाली. वडील म्हणतात, "वर्षभर फुकट राबवतील आणि मग घरी पाठवतील. त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेचा क्लास लावू." लेक दोन दिवस नीट जेवली नाही.

ताई, माझं ऐकाल तर पाठवा तिला. पण डोळे उघडे ठेवून पाठवा.

पहिलं म्हणजे, हे फुकट नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. पदवी-पदविकावाले इंजिनिअर त्यात १९७३ साली आले. तीस किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेणं मालकाला बंधनकारकच आहे. तेव्हा उपकाराची भाषा नको! २०१९ साली पदविकाधारकाचं विद्यावेतन महिना किमान ८,००० रुपये ठरलं. असे आकडे बदलत असतात, म्हणून करारावर काय लिहिलंय ते वाचा. त्यातून खोलीभाडं आणि डब्याचे पैसे वजा करून बघा. हा हिशेब आपल्याला कुणी शिकवायला नको.

करार मात्र नोंदलेला हवा. पदवी-पदविकावाल्यांचं काम मुंबईचं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ पाहतं. "नोंदणी नंतर करू, आधी कामावर या," असं कुणी म्हणालं तर लेकीला पाठवू नका. नोंद असली की मशीनवर इजा झाल्यास भरपाईचा हक्कही सांगता येतो. पण करार दोन्हीकडून बांधतो, बरं का. मधेच स्थळ आलं म्हणून लेकीला उचलून आणलंत, तर प्रशिक्षणाचा खर्च तुमच्याकडे मागता येतो.

आता कॉलेजाचं. आमच्या भाच्याची गोष्ट सांगते. तोही असाच एका कारखान्यात लागला. अशा उमेदवारानं रोज काय काम केलं, याची वही ठेवायची असते. पोरगं सरळ. पहिले दोन महिने त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, 'साहेबांसाठी चहा आणला. गोदाम झाडलं. चहा आणला.' दिवाळीला आला तेव्हा ती वही माझ्या हाती पडली. हसावं की रडावं कळेना. मीच त्याला वहीसकट त्याच्या कॉलेजातल्या सरांकडे धाडलं. सर भले. ते वही घेऊन थेट मॅनेजरांच्या टेबलाशी गेले. पुढच्या सोमवारपासून भाचा पॅनेलच्या वायरिंगवर!

मॅनेजर म्हणाले तेही खोटं नव्हतं. "तुमच्या मुलांना मल्टिमीटर धरता येत नाही. त्यांना शिकवायला माझा एक फिटर अडकतो, आणि चार महिन्यांनी मुलगा दुसरीकडे पळतो." म्हणजे कॉलेजानं हात धुऊन पाठवायचं आणि कारखान्यानं वाटेल तसं वापरायचं, यात दोघांचंही नुकसान. मुलाखतींचा दिवस थाटात होतो, फोटो निघतात, पण नंतर कारखान्यात जाऊन मुलं काय करताहेत ते किती कॉलेजं बघतात? म्हणून प्लेसमेंटच्या सरांना आधीच विचारा: वर्षात किती वेळा जाल? वही कोण तपासणार? मागच्या वर्षीच्या दोन मुलींची गाठ घालून द्याल का? त्या मुली शिफ्ट, बस, स्वच्छतागृह सगळं खरं सांगतील. साहेबांना ते विचारायला आपणही लाजतो.

वडिलांच्या एका म्हणण्यात मात्र तथ्य आहे. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कायद्यानं मालकावर घातलेलं नाही. उत्तर प्रदेशच्या एस.टी.तल्या उमेदवारांच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं एवढं म्हटलं, की बाकी सगळं सारखं असेल तर शिकलेल्या उमेदवाराला आधी घ्यावं. तेवढाच आधार. पण वर्षाचं प्रमाणपत्र आणि भरलेली वही घेऊन ती दुसऱ्या दारात उभी राहू शकते. क्लासचं वर्ष वाया गेलं तर हातात काय राहतं, हे लातूरकरांना मी काय सांगणार!

पहिल्या दिवशी सोबत वडिलांनाच धाडा. सकाळची एस.टी. धरा म्हणावं, कारखाना डोळ्यांनी बघा, मॅनेजरांशी बोला. आणि आज रात्री लेकीला आधी जेवायला बसवा.