देवघराचा रंग कोणी निवडावा?

दिवाळी तोंडावर आली की जालना जिल्ह्यात घरोघरी रंगकामाची लगबग सुरू होते. समर्थांचे जन्मस्थान जांब असो वा राजूरचे गणपतिक्षेत्र, कीर्तनानिमित्त जावे तेथे आम्हांस हटकून विचारले जाते, "महाराज, देवघराला फिकट बदामी द्यावा की बिस्किटी? शास्त्र काय सांगते?"

आमचे मत असे की, या दोहोंतील निवड शास्त्रावर सोपवू नये. अमरकोशात पांडुर आणि किंचित पांडुर असा धूसर हे वर्ण वेगळे नोंदविले आहेत. भिंतीला कोणता लावावा, याचा निर्णय तेथे नाही.

आपल्या वाडवडिलांना हा पेच नव्हता. माळवदाच्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीने सारवीत. गावात जशी माती मिळे, तोच भिंतीचा रंग. आज शेडकार्डावरील टिकलीएवढ्या चौकोनांवरून घरात वाद माजतो.

वस्तुतः रंगाचे रूप उजेडावर अवलंबून असते. दुकानातील पांढऱ्या उजेडात जुळे भासणारे दोन रंग समईच्या पिवळ्या ज्योतीत निराळे दिसू शकतात. चारही भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, त्यामुळे कार्डावरचा फिका रंग खोलीत गडद वाटतो. ओला आणि वाळलेला रंगही सारखा नसतो. यास्तव दोन्ही रंगांचे हातभर पट्टे भिंतीवर ओढावेत, ते पुरते वाळू द्यावेत आणि पहाटे, दुपारी व सांजवातीच्या वेळी निरखावेत.

ते निरखताना घरातील वृद्ध आईस सोबत घ्यावे. देवघरात सर्वाधिक वेळ बहुधा तीच बसते. वयोमानाने नेत्रांतील भिंग पिवळसर होते आणि फिक्या छटांतील भेद नीट कळेनासा होतो. भिंत, चौकट व फरशी एकाच छटेत मिसळली, तर जमीन कोठे संपली हे तिला उमगत नाही आणि पाय अडखळतो. म्हणून ज्या रंगापुढे चौकट व फरशी उठून दिसेल, तो घ्यावा. तसा फरक दोहोंत न आढळल्यास आईने ज्यावर बोट ठेवले, तोच उत्तम मानून वाद मिटवावा.

भिंत काही वर्षांनी पुन्हा रंगविता येते. ऐन सणात आपल्या शब्दास घरात किंमत उरली नाही, ही आईच्या मनातील सल मात्र कोणत्याही रंगाने झाकली जात नाही.