शेजाऱ्यांचे सात संस्कार



गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत आठवीच्या वर्गावरून जात होते. आपल्याच समाजातला एक मुलगा बाकावरच्या ख्रिस्ती मुलाला चिडवत होता, "तुमचं बरं आहे रे. पाप करायचं, फादरला सांगायचं, की मोकळे!" तो मुलगा मान खाली घालून डबा खात राहिला. मी चिडवणाऱ्याला रागावले. पण रागावणे म्हणजे समजावणे नव्हे. समजावायला मला तरी कुठे माहीत होते?

आमची शाळा वसई तालुक्यात. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. तेव्हापासून कॅथलिक ख्रिस्ती आपले शेजारी आहेत. घरात मराठीची बोली, चर्चमध्ये मराठी मिस्सा. आपण त्यांच्या लग्नाला जातो, नाताळचा केक खातो. पण चर्चच्या दारातून आत काय चालते, हे आपण विचारत नाही. त्या दिवशी मी आमच्या एका कॅथलिक सहकारी बाईंना विचारले. त्यांनी सलग तीन ऑफ तास माझ्यासाठी खर्च केले.

त्यांच्या धर्मजीवनाचा कणा म्हणजे सात संस्कार, त्यांच्या बोलीत 'साक्रामेंत'. देवाची कृपा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पाणी, तेल, भाकर अशा दिसणाऱ्या खुणांतून ती मिळते, अशी त्यांची श्रद्धा आहे. बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात, तो स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा. पुढे श्रद्धा पक्की करणारे दृढीकरण. मिस्सामध्ये मिळणारा ख्रिस्तप्रसाद. पापाची कबुली आणि क्षमा, म्हणजे प्रायश्चित्त. आजाऱ्याच्या कपाळाला व हातांना तेल लावून केलेली प्रार्थना, म्हणजे रुग्णाभ्यंग. धर्मगुरू होणाऱ्याची गुरुदीक्षा. आणि विवाह.

ऐकताना मला आपली घरे आठवत होती. बाळाच्या कानात अजान, सातव्या दिवशी अकीका. घरात कोणी शेवटच्या घटका मोजत असेल, तर उशाशी कलमा आणि सूरह यासीन. माणूस जन्मतो, मरतो, तेव्हा त्याला एकटे सोडायचे नाही, ही ओढ दोन्हीकडे आहे.

फरकही तेवढेच स्पष्ट आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. आपण हजरत ईसा (अ.) यांना अल्लाहचे प्रेषित मानतो, ते त्यांना देवाचा पुत्र मानतात. आपला निकाह हा करार आहे: इजाब-कबूल, मेहर, साक्षीदार. तो टिकावा हीच इच्छा असते, पण न निभल्यास तलाक किंवा खुला यांचा मार्ग आहे. त्यांच्याकडे नवरा-बायकोने एकमेकांना दिलेले वचन हाच संस्कार, फादर चर्चच्या वतीने साक्षीला उभे असतात, आणि घटस्फोटाला चर्चची मान्यता नाही.

एक व्यवहाराची गोष्टही सांगते. त्यांच्या लग्नाच्या मिस्साला गेलात आणि लोक प्रसादासाठी रांग लावू लागले, तर आपण जागेवर शांत बसावे. गव्हाच्या पिठाची ती पातळ चकती त्यांच्या श्रद्धेने ख्रिस्ताचे शरीर असते आणि ती कॅथलिकांसाठीच असते. बसून राहिल्याने कोणाचा अपमान होत नाही. उलट कुतूहलाने रांगेत शिरलो, तर होतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. बाई म्हणाल्या, "फादरला सांगितलं की मोकळे, असं कुठे आहे? आधी स्वतःच्या मनाची झडती घ्यायची. खरा पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा. चोरी केली असेल तर वस्तू परत करावी लागते. कोणाची बदनामी केली असेल तर ती भरून काढावी लागते. नुसते शब्द चालत नाहीत." आणि फादर ऐकलेली गोष्ट कुणालाही सांगू शकत नाहीत, कोर्टातसुद्धा नाही.

आपल्याकडे तौबा थेट अल्लाहकडे, मध्ये कोणी नाही. मी हे बाईंना अभिमानाने सांगितले. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण ज्याचं नुकसान केलं, त्याचं काय?"

मी गप्प झाले. उत्तर मला येत होते. हुकूक-उल-इबाद, माणसांचे हक्क. ज्याचा हक्क मारला, त्याला तो परत द्यावा, त्याची माफी मागावी, त्याशिवाय तौबा पुरी होत नाही, असे आपले उलेमा सांगतात. मी स्वतः हे मुलांना शिकवले आहे. तरीही बोलले नाही, कारण मला एक मुलगी आठवली.

तीन वर्षांपूर्वी ती सातवीत होती. सहलीचे पैसे कमी भरले. शेवटी टेबलाजवळ तीच होती, म्हणून मी सगळ्या वर्गासमोर तिचे दप्तर रिकामे करायला लावले. चार दिवसांनी पैसे माझ्याच हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात सापडले. मी ते ऑफिसात भरले आणि कुणाला काही बोलले नाही. किती नमाजांनंतर दुआत अल्लाहची माफी मागितली असेल. ती मुलगी मात्र रोज व्हरांड्यात समोरून जात होती.

दुसऱ्या दिवशी मी दहावीच्या वर्गात गेले. तिला एकटीला बोलवावे असे आधी वाटले होते. पण आरोप वर्गासमोर केला होता, मग माफी एकांतात कशी? पैसे कुठे सापडले ते सांगितले. "चूक माझी होती, मी लपवली. मला माफ कर," एवढेच म्हणाले. वर्गात आवाज नव्हता. ती उभी राहिली आणि तिने विचारले, "बाई, हे मी आईला सांगू का?"

तीन वर्षे तिच्या आईलाही माझेच खरे वाटत होते, हे मला तेव्हा कळले. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले.

नंतर आठवीच्या तासाला त्या चिडवणाऱ्या मुलालाही सांगितले, की कबुली देऊन कोणी स्वस्तात सुटत नाही, त्यांच्याकडेही नाही आणि आपल्याकडेही नाही. त्याने विचारले, "टीचर, मग मी त्याला सॉरी म्हणू?" मी म्हटले, "चिडवलंस सगळ्यांसमोर ना? मग सगळ्यांसमोरच म्हण."